खापर आमच्या माथी नको, हातात द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
अभ्यासमंडळे, प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

स. न. वि. वि.

माझ्या एम.ए.च्या तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर तीन खापरं मांडली. "यातलं जोर्वे कोणतं?" एवढंच विचारलं.

चारच दिवसांपूर्वी जोर्वे भांड्यांवर, म्हणजे जोर्वे गावावरून नाव पडलेल्या प्राचीन मृद्भांड्यांवर, मी लेखी पेपरात साडेतीन पानं भरली होती. चाकावर घडवलेली, उत्तम भाजणीची भांडी. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी. कंगोरा असलेले वाडगे, तोटीची भांडी. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. सगळं तोंडपाठ. समोरच्या तिघांपैकी एकाच खापरावर काळी नक्षी होती. मी ते उचललं.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी नक्षी नसलेलं, पातळ, तांबडं असं दुसरं खापर दोन बोटांत धरलं आणि त्यावर नखानं टिचकी मारली. टण्ण! काशाच्या वाटीसारखा आवाज आला. "हे जोर्वे. तुम्ही उचललंत ते माळवा, त्याच्या आधीच्या काळातलं. काळी नक्षी दोन्हींवर असते, बाई. आवाज ऐकायचा असतो."

त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. तोंडी परीक्षेतही मला पास केलं गेलं. माझी तक्रार नेमकी तीच आहे. मला पास करायला नको होतं.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. आज मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझ्या विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे भेटलेल्या इतर ठिकाणच्या मित्रमैत्रिणींकडून थोड्याफार फरकानं हीच कहाणी ऐकली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी विद्यार्थ्याचे हात मातीला लागतात, हे मला माहीत आहे. हे पत्र त्यांना नाही. ज्या विभागांच्या पाटीवर 'पुरातत्त्व' हा शब्द आहे आणि वर्गात फक्त फळा आहे, त्यांच्यासाठी आहे.

आमच्या विभागात मृद्भांडी छायाप्रतींवरून शिकवली जायची. तीही मूळ पुस्तकाच्या छायाप्रतीची छायाप्रत. तिच्यात जोर्वे आणि माळवा दोन्ही सारखीच करडी. आणि गंमत अशी, की ज्या व्हरांड्यात आम्ही दुपारी डबे खायचो, तिथेच भिंतीला लागून एक लोखंडी कपाट होतं. त्यात कापडी पिशव्यांमध्ये कोणे एके काळच्या सर्वेक्षणातली खापरं भरलेली होती. दोन वर्षं मी त्या कपाटाला पाठ टेकून पोळी-भाजी खाल्ली. किल्ली कुणाकडे आहे, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. एकदा विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यात काही नाही, खापरं आहेत."

'काही नाही, खापरं आहेत.' या वाक्यावर माझा राग अजून गेलेला नाही.

आपल्या भाषेत खापराला फारसा मान नाही. ते दुसऱ्याच्या माथी फोडायचं असतं. माझी आजी म्हणायची, "पांढरीत अनवाणी जाऊ नको, खापर लागंल." पण पणजोबांच्या पलीकडचा पूर्वज सांगायचा झाला की आपण खापरपणजोबाच म्हणतो. त्या शब्दाची व्युत्पत्ती भाषेचे अभ्यासक सांगतील. मला मात्र तो ऐकला की आमच्या गावची पांढरच आठवते.

पांढर म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या सदस्यांसाठी सांगते. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राख पडली, शेण पडलं, मातीच्या भिंती कोसळल्या, त्यांच्यावर नव्या भिंती उठल्या. त्यातून जे टेकाड उभं राहतं, त्याची माती भुरकट पांढरी होते. शेतकऱ्याला हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही. तो जुनी पांढर ओळखतो, कारण तिची माती पिकाला खत म्हणून चालते आणि धाब्याच्या घरावर टाकायलाही उपयोगी पडते. म्हणूनच गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली कितीतरी टेकाडं बैलगाड्यांनी आणि नंतर ट्रॅक्टरांनी निम्मी झाली. ज्याला आपण 'ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचं स्थळ' म्हणतो, त्याला तिथला माणूस पांढर म्हणतो. आपल्या अभ्यासक्रमात हा शब्द मला कुठेच सापडला नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या विषयाचं घर उभं राहिलं ते कसं, हे आपल्याला माहीत आहेच. पण माझा मुद्दा त्याशिवाय पुढे सरकत नाही.

सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात शेती करून कोण राहत होतं, या प्रश्नाला १९५० पर्यंत जवळजवळ उत्तर नव्हतं. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हा पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे रुजू झाले. लंडनला पीएच.डी. करत असताना त्यांनी मेडन कॅसलच्या उत्खननात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केलं होतं. प्रबंध गुजरातच्या पुरातत्त्वावर, आणि शिक्षण इंग्लंडातल्या एका टेकडीवरच्या खंदकात! त्यांनी १९५०-५१ मध्ये सहकाऱ्यांसह नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे खणलं. पुढे नेवासं झालं, मग घोड नदीकाठचं इनामगाव. इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम काम चाललं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्यामागून विद्यार्थ्यांच्या तुकड्या. एका विद्यापीठीय विभागानं महाराष्ट्राच्या इतिहासाला हजार-दीड हजार वर्षं मागे नेलं, तेही तीस-पस्तीस वर्षांत.

आणि कशाच्या जोरावर? शिलालेख नाही, नाणं नाही, पोथी नाही. राख, हाडं, जळके दाणे आणि खापरं.

इनामगावात १३० च्या वर घरांचे अवशेष मिळाले. सुरुवातीची घरं चौकोनी, ऐसपैस. शेवटच्या काळात गोल झोपड्या. पाऊसमान घटलं आणि माणसं गरीब झाली, असा संशोधकांचा निष्कर्ष. गावात पाच खोल्यांचं एक मोठं घर, त्याला लागून धान्याचं कोठार. नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट आणि बांध. मुख्य पीक जव. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून, आडवे करून, त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावलं तोडत. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा तर्क. मात्र त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका माणसाची पावलं शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, हा अंदाज तिथून निघाला. पावलं तोडली की नाहीत यावरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गावातला मान-मरातब वाचता येतो. हे वाचायला शिकवणं म्हणजे पुरातत्त्व शिकवणं. 'इनामगाव येथील दफनपद्धतीची वैशिष्ट्ये लिहा, गुण १०' हे त्याचं श्राद्ध आहे.

ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या पांढरीत एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातले तांब्याचे मणी सापडले. मण्यांना धाग्याचा अंश चिकटून होता. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. तांब्याच्या गंजामुळेच तो तंतू टिकला. कुणीतरी ते मणी नळाखाली धरून घासून लख्ख केले असते, तर? हा प्रश्न मी अकरावीच्या वर्गात विचारते आणि मुलं एकदम गप्प होतात. एम.ए.च्या वर्गात मला तो कुणी विचारला नव्हता.

याच्या उलटचं उदाहरण प्रवरेकाठचं दायमाबाद. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल रहिवाशाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. भारतीय कलेच्या कुठल्याही पुस्तकात शोभावीत अशी कामं. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीतली मानतात. पण धातूत आर्सेनिकचं प्रमाण वेगळं दिसतं, म्हणून काहींनी शंका घेतल्या, आणि वाद कायमचा मिटलेला नाही. कारण एकच. त्या वस्तू पद्धतशीर उत्खननात, मोजून-मापून, अमुक थरात अशा मिळाल्या नाहीत. त्या माणसाचा यात काही दोष नाही. उलट त्याच्यामुळेच त्या आपल्यापर्यंत पोचल्या. पण सोन्यासारखी वस्तूही थराशिवाय अर्धीमुर्धी मुकी असते, आणि थर माहीत असलेलं दोन बोटांचं खापर बोलतं. हे वाक्य मी परीक्षेत लिहू शकले असते. ते कळलं मात्र पदवी मिळाल्यानंतर तीन वर्षांनी, एका खंदकाच्या तळाशी.

त्या उत्खननात मी स्वयंसेवक म्हणून गेले होते. माझ्या चौकोनात खणायला एक म्हातारे बाबा होते. तीस-बत्तीस वर्षं वेगवेगळ्या उत्खननांवर मजुरी केलेले. दुसऱ्या दिवशी ते खुरपं थांबवून म्हणाले, "ताई, माती बदलली." मला काही दिसत नव्हतं. मग त्यांनी खुरप्याच्या पाठीनं दोन ठिकाणी ठोकून दाखवलं. एकीकडे भरीव आवाज, दुसरीकडे पोकळ. पोकळ आवाज आला तो धान्य साठवायचा जुना खड्डा होता, वरच्या थरातून खाली खणलेला. तो वेळेवर ओळखला नसता, तर त्यातली नंतरच्या काळातली खापरं आम्ही जुन्या थराच्या पिशवीत टाकली असती आणि सगळा कालक्रम बिघडला असता. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'खालचा थर जुना, वरचा नवा'. बाबांना त्याच्यापुढचं माहीत होतं. उंदीर, खड्डे आणि माणसं हा नियम पाळत नाहीत. पुन्हा आवाजच. माझ्या दोन्ही गुरूंनी मला कानानं शिकवलं.

एव्हाना आपण म्हणाल, बाईंना अधिक उत्खननं हवी आहेत. नको आहेत. हा मुद्दा मी जरा सविस्तर मांडते, कारण बैठकीत 'निधी नाही, परवाना मिळत नाही' एवढ्यावर विषय संपवला जातो.

उत्खनन म्हणजे नाश. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोग चुकला तर पुन्हा करतो. टेकाड एकदाच खणता येतं. पान वाचायचं आणि वाचता वाचता फाडायचं, असा हा ग्रंथ आहे. तेव्हा विद्यार्थ्यांच्या सरावासाठी अस्पर्श पांढर फोडणं हा गुन्हाच म्हणायला हवा. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, हे योग्यच आहे. माझं मागणं त्याच्या अलीकडचं आहे. आधीच फाडलेली पानं कपाटात पडली आहेत, ती तरी वाचायला द्या.

जुन्या सर्वेक्षणांतली आणि छोट्या-मोठ्या उत्खननांतली खापरं विभागांच्या कोठ्यांत आहेत. प्रत्येक तुकड्यावर काळ्या शाईनं बारीक अक्षरात स्थळाचं संक्षिप्त नाव, खंदकाचा क्रमांक, थर. पिशवीत चिठ्ठी. ही शाई पुसट होते, चिठ्ठीला कसर लागते, पिशवी कुजते. आणि चिठ्ठी गेली की त्या खापराचं पुन्हा दगड-माती होतं. तेव्हा 'काही नाही, खापरं आहेत' हे वाक्य खरं ठरतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी कुठलीही पुरातत्त्वाची पदवी नसताना आयुष्यभर वस्तू गोळा केल्या, सांभाळल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावानं शासकीय संग्रहालय उभं आहे. पदव्या देणाऱ्या विभागांना निदान आपली कपाटं उघडता यायला हवीत.

यासाठी नवे पैसेही फारसे लागणार नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपण पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा नुकताच बदललात. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं (क्रेडिट) कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला ४ आणि ६ असे मिळून १० श्रेयांक. माझ्या माहितीतल्या मुलांनी हे कार्यप्रशिक्षण कुठे केलं, सांगू? एकानं पतसंस्थेत. एकीनं काकांच्या प्रवासी कंपनीत. प्रमाणपत्र मिळालं, श्रेयांक मिळाले. ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. १२० तासांत एक विद्यार्थी विभागातल्या एका स्थळाची खापरं धुवून, थरांप्रमाणे लावून, त्यांची नोंद पक्क्या शाईनं पुन्हा करू शकतो. भांड्यांच्या काठांची रेखाचित्रं काढायला शिकू शकतो. दुसऱ्या वर्षी त्याच सामग्रीवर त्यानं प्रकल्प लिहावा. 'सातवाहनकालीन समाजजीवन' या विषयावर दहा पुस्तकांतून अकरावं तयार करण्यापेक्षा 'अमुक गावच्या सर्वेक्षणातील सातवाहनकालीन खापरे' या विषयावर वीस पानं लिहिली, तरी जगात कुणीच न लिहिलेली वीस पानं तयार होतील. ज्यांना घरून पैसे येत नाहीत, त्या मुलांना 'कमवा आणि शिका' योजनेत हेच काम द्या. आम्हाला त्या योजनेत बागेला पाणी घालायला लावत. बागेबद्दल तक्रार नाही, पण कपाट तिथून चाळीस पावलांवर होतं.

आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. खरीखुरी. टेबलावर वीस तुकडे, हातात भिंग, वेळ एक तास. टिचकी मारायला परवानगी असावी.

खणायचा सरावही हवाच, त्यावरही तोडगा आहे. विभागाच्या मागच्या मोकळ्या जागेत पाच मीटर बाय पाच मीटरचा खड्डा घ्या आणि दरवर्षी त्यात एक थर टाका. यंदा राख आणि कौलांचे तुकडे, पुढच्या वर्षी मुरूम, मग कॅन्टीनमधले फुटलेले कप. मधेच एक खड्डा खणून बुजवून ठेवा. तीन वर्षांनी त्या वेळची बॅच तो खणेल तेव्हा कुणाला किती कळलं ते उघड होईल. लुटुपुटूचं उत्खनन म्हणून हसाल, पण हसत हसत का होईना, सुतळी बांधणं, खुंट्या मारणं, भिंत सरळ ठेवणं आणि छेदाचं, म्हणजे भिंतीत दिसणाऱ्या थरांचं, चित्र काढणं ही चार कामं हाताला येतील. खड्ड्यात चूक झाली तर नुकसान कपांचं होईल, इनामगावचं नाही.

एक अडचण मात्र फक्त आपणच सोडवू शकता. उत्खननाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत चालतो. ऐन थंडीचे महिने कामाचे. नेमक्या त्याच महिन्यांत आपण सत्र परीक्षा, अंतर्गत चाचण्या आणि सादरीकरणं ठेवता. कुठे चांगलं उत्खनन चालू असलं आणि तिथले संचालक मुलांना बोलवत असले, तरी मुलं जाऊ शकत नाहीत, कारण पंच्याहत्तर टक्के हजेरी. शेतीशाळेतल्या मुलांना पेरणीच्या वेळी वर्गात बसवून ठेवण्यासारखं हे आहे. या एका विषयाचं वेळापत्रक वेगळं ठेवा. पावसाळ्यात तासिका घ्या, हिवाळ्यात सहा आठवडे मोकळे सोडा.

मुलींबद्दलही लिहायलाच हवं. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली होत्या, बहुतेक तालुक्यांतून आलेल्या. दुसऱ्या वर्षी एका उत्खनन शिबिराची सूचना लागली, तेव्हा सात जणींपैकी एकीलाही घरून परवानगी मिळाली नाही. माझे वडील म्हणाले, "पोरीनं तंबूत राहायचं? आणि कशासाठी, मडकी शोधायला?" आज वाटतं, विभागातून एका बाईंनी घरी फोन केला असता, सोबत कोण आहे, झोपायची सोय काय, संडास-न्हाणी कुठे, एवढं पत्रानं कळवलं असतं, तरी चार जणी गेल्या असत्या. पुढे मी स्वयंसेवक म्हणून गेले ती लग्नानंतर, सासूबाईंच्या पाठिंब्यावर. हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. शिबिर अनिवार्य करायचं असेल, तर ही व्यवस्थाही अभ्यासक्रमाच्या कागदावरच लिहा. 'स्थानिक पातळीवर बघू' म्हटलं की ती होत नाही.

नोकऱ्यांबद्दल मोठं काही लिहीत नाही. नेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला, 'पुरातत्त्व' हा स्वतंत्र विषय आहे, महाविद्यालयांच्या जाहिरातीत मात्र 'इतिहास' असतो. माझ्या पहिल्या मुलाखतीत समितीतल्या एकानं पदवी उलटीपालटी करून विचारलं, "हे इतिहासच का?" आणि समकक्षतेचं पत्र आणायला सांगितलं. ते मिळेपर्यंत जागा भरली गेली. मंडळानं एकदाच ठराव करून ते पत्र पदवीसोबतच छापून दिलं, तर दरवर्षी वीस-पंचवीस मुलांचे हेलपाटे वाचतील.

शेवटचं मागणं भाषेचं. मी मराठी माध्यमातून शिकले. उत्तरपत्रिकेत 'स्तररचनाशास्त्र' लिहिलं, आणि खंदकात 'थर' हा शब्द ऐकला तेव्हा दोन्ही एकच आहेत हे लक्षात यायला वेळ लागला. बाबांच्या तोंडी पांढर, चोपण, भुसभुशीत, मुरूम लागला, राखेचा पट्टा असे पन्नास तरी शब्द होते आणि प्रत्येकाचा अर्थ नेमका होता. हे शब्द गोळा करून अभ्यासक्रमात घ्या. आणि ज्या गावात सर्वेक्षण होईल, त्या गावाला दोन पानी मराठी अहवाल देणं विद्यार्थ्याला सक्तीचं करा. ग्रामसभेत वाचून दाखवा. गावाला आपली पांढर किती जुनी आहे हे कळलं, तर ट्रॅक्टर लावण्याआधी एखादा तरी माणूस थांबेल. नाही थांबला तरी विद्यार्थ्याला निदान साध्या मराठीत लिहायची सवय लागेल, तिचीही आपल्याकडे टंचाईच आहे.

हे पत्र आत्ताच लिहायला एक निमित्त झालं. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी रुमालात बांधून एक खापर घेऊन आली. नदीकाठच्या शेतात, नांगरटीत वर आलेलं. तिला आधी मी रागावले, मग गट क्रमांक लिहून घेतला, आणि ते जिथे सापडलं तिथेच परत ठेवायला सांगितलं. पण त्याआधी दोन बोटांत धरून टिचकी मारली. तिनं कान पुढे केला. पुन्हा मारा म्हणाली. मग स्वतः मारून पाहिली, चार वेळा.

ती आता बारावीला आहे. मार्चमध्ये परीक्षा देईल. "बाई, हे शिकायला कुठं जायचं?" असं तिनं दिवाळीपासून तीनदा विचारलंय. पुढचं शिक्षण घरापासून शंभर किलोमीटरच्या आत व्हावं, अशी तिच्या आईची अट आहे. त्या अंतरात आपल्यापैकी दोन विद्यापीठं येतात. तिथल्या कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, तेवढं कृपया जूनच्या आत कळवावं.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी